वस्तू डोक्यात आहे, हातात कशी आणायची? नागपूरच्या कारागिरांचे नेहमीचे प्रश्न

हिंगणा रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, वेल्डिंग, पत्रा वाकवायची मशीन, लेझर कटर आणि तीन थ्रीडी प्रिंटर. नवी वस्तू बनवू पाहणाऱ्या नागपूर आणि आसपासच्या माणसांना पहिला, दुसरा, तिसरा नमुना हातात येईपर्यंत आम्ही साथ देतो. फोनवर आणि दारात उभं राहून लोक जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण माणसं तिथेच अडकतात.

माझ्याकडे नुसती कल्पना आहे, ड्रॉइंग येत नाही. येऊ का?

या. पण रिकाम्या हाताने येऊ नका. पुठ्ठा, थर्माकोल, तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलची ट्यूब, घरात असेल त्याचं काहीतरी बांधून आणा. बेढब असलं तरी चालेल. कागदावरच्या सुंदर चित्रापेक्षा सुतळीने बांधलेला पुठ्ठा आम्हाला जास्त सांगतो.

पारडीहून एक ताई आल्या होत्या. वाळवणासाठी घडीची जाळी हवी होती. कुरडया, सांडगे, मुगाच्या वड्या गच्चीवर ठेवल्या की कबुतरं आणि धूळ, दोन्हींचा त्रास. त्यांनी कपडे वाळवायच्या हँगरना जुनी मच्छरदाणी शिवून आणली होती. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने तेवढ्यावरून संगणकावर तीन बाय चार फुटांची झकास चौकट काढली. ताईंनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आमच्या जिन्याचं दार चोवीस इंचाचं हाय. हे गच्चीवर जाईन कसं?" त्या दिवशी चौकट बावीस इंचांवर आली आणि मधोमध बिजागरी बसली. हे माप कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, त्यांच्या रोजच्या चढउतारात होतं.

तुमच्या फॉर्मवर एकच मोठा प्रश्न का आहे?

"या नमुन्यातून तुम्हाला काय कळून घ्यायचं आहे?" असा तो प्रश्न. पुष्कळ लोक तिथे "वस्तू चालते का" असं लिहितात. आम्ही फॉर्म परत देतो. "भरलेली बादली उचलल्यावर मूठ बोटांना रुतते का", "मोटरसायकलच्या मागे बांधून उमरेडपर्यंत नेलं तर स्क्रू सुटतात का" असं लिहा. एका नमुन्याला एकच गोष्ट विचारली की तो स्वस्तात होतो. मुठीची पारख करायची असेल तर नमुन्यात मोटर कशाला हवी? आणि मोटर तपासायची असेल तर रंग, पॉलिश, लोगो यांचा एक रुपयाही खर्च करू नका. लोगो आधी बनवून आणणारे दर महिन्याला येतात. त्यांना चहा पाजतो आणि लोगो पिशवीत ठेवायला सांगतो.

थ्रीडी प्रिंटरवर काढलं की झालं ना?

आकार कळण्यापुरतं झालं. प्रिंटरवर सगळ्यात जास्त चालतं ते पीएलए नावाचं प्लास्टिक. ते साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. पुण्यात कदाचित खपून जाईल. आपल्याकडे मे महिन्यात हवाच पंचेचाळीसच्या घरात असते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किंवा गच्चीवरचा टिनाचा पत्रा त्याच्याही कितीतरी वर जातो. पेटजी नावाचं दुसरं प्लास्टिक साधारण ऐंशीपर्यंत तग धरतं, एबीएस नावाचं तिसरं शंभराच्या थोडं पुढे. म्हणून उन्हात राहणारी वस्तू असेल तर आधीच सांगा.

दुसरी अडचण थरांची. प्रिंटर वस्तू थरावर थर चढवत काढतो आणि दोन थरांमधला जोड हा तिचा कच्चा भाग. हुक उभा छापला तर थराच्या रेषेवर मोडतो, आडवा छापला तर बराच तग धरतो. तुमचा नमुना मोडला म्हणजे डिझाइनच चुकलं असं लगेच समजू नका. आधी मोडलेल्या जागी रेष पाहा.

लेझर कटरबद्दल एक कडक नियम आहे. पीव्हीसी किंवा रेक्झिन आणू नका. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड हा विषारी, मशीन गंजवणारा वायू सुटतो. ॲक्रिलिक, प्लायवुड, एमडीएफ, पुठ्ठा आणि सुती कापड खुशाल आणा.

किती नमुने लागतात?

एका नमुन्यात काम झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. एक गोष्ट सविस्तर सांगतो, त्यातून अंदाज येईल.

नंदनवनकडचे एक कूलर मिस्त्री. तीस वर्षं पंप बदलण्यात गेली. त्यांचं म्हणणं असं की निम्मे पंप म्हातारे होऊन मरत नाहीत, टाकी कोरडी पडल्यावर तसेच चालू राहून जळतात. पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारी छोटी डबी त्यांना हवी होती. ती सुद्धा अशी की कुठल्याही लोकल बनावटीच्या डेझर्ट कूलरला बसली पाहिजे. पहिली डबी आम्ही पीएलएमध्ये छापली. एप्रिलमध्ये ती त्यांच्या गच्चीवरच्या कूलरला लावली आणि चौथ्या दिवशी झाकण पापडासारखं वर आलं. दुसरी एबीएसची. ती वाकली नाही, पण तीन आठवड्यांनी तरंगा, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा भाग, जागेवर अडकला. उघडून पाहिलं तर तरंग्याच्या पिनेवर पांढरा थर. बोअरचं जड पाणी. आम्ही पिनेचं धातू बदलायचं, स्टेनलेस घ्यायचं, कोटिंग करायचं, असं बोलत बसलो. मिस्त्री काकांनी डबी हातात घेतली, ड्रिल उचललं आणि पिनेचं छिद्र दीड मिलिमीटर मोठं केलं. "ढिलं ठेवा भाऊ. क्षार बसू द्या, जागा तं राहीन." तिसरी डबी अख्खा उन्हाळा चालली. चौथी फक्त पेच खालून लावता यावेत म्हणून केली, कारण मिस्त्री कूलर भिंतीपासून ओढत नाही, बाजूने हात घालतो.

चार डब्या. त्यांत खरी अक्कल दीड मिलिमीटरची.

चाचणी कशी करायची? आमच्याकडे लॅब नाही.

जिथे वस्तू वापरणार तिथेच, आणि जो वापरणार त्याच्या हातात देऊन. तुम्ही बाजूला उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात कठीण. "असं नाही, तसं धरा" म्हणायला जीभ वळवळते, पण गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही नसणार.

मोजायचं असेल तर मोजणारं साधन आधी तपासा. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर चुकीचा होता. खात्याच्या यंत्राचं असं होऊ शकतं, तर आपल्या दोनशे रुपयांच्या थर्मामीटरचं काय! दोन वेगवेगळ्या साधनांनी मोजा, वेळ आणि जागा लिहा.

धातूची रासायनिक तपासणी हवी असेल तर आपण नशीबवान आहोत. अमरावती रोडवर वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व रचना केंद्र आहे. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगला वारंवार तडे जात असतील तर भट्टीवाल्याशी भांडण्याआधी मिश्रधातू तपासून घ्या. पाणी आणि पर्यावरणाशी संबंध असेल तर नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथेच आहे, कापसाशी असेल तर केंद्रीय कापूस संशोधन संस्था, संत्र्याशी असेल तर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. वस्तूबद्दल दोन ओळी लिहून, नेमका प्रश्न घेऊन गेलं तर तिथली माणसं बोलतात. "जरा बघा ना साहेब" म्हणून गेलं तर वेळ जातो.

सामान, जॉबवर्क यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं का?

क्वचित. इतवारीत लोहा ओळीपासून सुरुवात करा, पत्रा, पट्टी, नट-बोल्ट, बेअरिंग सगळं चालत फिरण्याच्या अंतरात आहे. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग सीताबर्डीत. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत टर्निंग, मिलिंग, पावडर कोटिंग, रबर मोल्डिंग करणारे छोटे युनिट आहेत, फक्त ते एका नगाचं काम घ्यायला नाखूष असतात. त्यांची दुपारची सुट्टी कधी, मशीन रिकामी कधी, हे आम्हाला माहीत असतं आणि आमचा निम्मा उपयोग तेवढाच आहे. काम टाकायला जाताना नमुना सोबत न्या, मापं मिलिमीटरमध्ये लिहा आणि जिथे फिटिंग घट्ट हवं तिथेच व्हर्निअरचा काटेकोरपणा मागा. सगळीकडे काटेकोर माप मागितलं की भाव दुप्पट होतो.

डाय, म्हणजे स्टीलचा पक्का साचा, कधी बनवायची?

शेवटी. अगदी शेवटी. हा प्रश्न मी हळवेपणाने घेतो, कारण यात मी स्वतः पोळलो आहे.

काही वर्षांपूर्वी मी डब्याचं एक झाकण बनवत होतो. दोन नमुने छान झाले, तिसरा करायचा कंटाळा आला आणि थेट इंजेक्शन मोल्डिंगची डाय टाकली. डायच्या भिंती मी सरळ उभ्या ठेवल्या होत्या. त्यांना एक-दोन अंशांचा उतार लागतो, नाहीतर थंड झालेलं प्लास्टिक साच्यातून सुटत नाही. माझं झाकण दर वेळी ओरखडे घेऊन बाहेर यायचं. उतार द्यायचा म्हणजे स्टील पुन्हा कापायचं, स्टील कापलं की झाकण डब्याला नीट बसेना. लाखाच्या वर पैसे गेले. ती डाय आमच्या मागच्या दाराला टेकण म्हणून आहे. येऊन पाहा, दार बाकी मस्त उघडं राहतं.

आधी शंभर नग विका, मग डायचा विचार करा. शंभर नगांसाठी सिलिकॉनचा साचा आहे, वाकवलेला पत्रा आहे, लेझरने कापलेलं प्लाय आहे, वाळूचं कास्टिंग आहे. कास्टिंगसाठी वाळूत ठसा उमटवायचा लाकडी पॅटर्न करणार असाल तर धातू थंड होताना आकसतो हे धरून पॅटर्न मोठा ठेवा. ॲल्युमिनियमला साधारण सव्वा टक्का, बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, एक टक्का. नाहीतर चार बोल्टची छिद्रं बरोबर येतात आणि पाचवं रुसून बसतं.

वेळ किती लागतो?

वस्तू कुठल्या हंगामाची आहे त्यावर. कूलरशी संबंधित काहीही होळीच्या आत दुकानात हवं, म्हणजे नमुन्यांचं काम आदल्या उन्हाळ्यात संपलेलं हवं. संत्रा तोडायची कात्री किंवा क्रेट असेल तर आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात, एवढ्याच दोन संधी. कापूस वेचायची पिशवी तपासायची तर दसऱ्यानंतर. लोक जुलैत येऊन "पंधरा दिवसांत करून द्या" म्हणतात. करून देऊ, पण वेचणारी बाई जुलैत कुठून आणायची?

सगळ्यात अवघड तान्हा पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं ओढत फिरवतात तो, लाकडी नंदी. एक सुतार दादा सुट्या चाकांचा नंदी करताहेत, पोरं मोठी झाली तरी तोच नंदी नवी चाकं लावून पुढच्याला देता यावा म्हणून. विक्री वर्षातून मोजून आठ दिवस. त्यात चाक निघालं तर दुरुस्ती पुढच्या पोळ्याला. ते आता मोहल्ल्यातल्या मुलांना होळीपासूनच नंदी ओढायला देतात. आया हसतात, पण चाकांचा एक आस रस्त्यावरच मोडल्याने त्यांचं अख्खं वर्ष वाचलं.

माझी कल्पना कोणी चोरली तर? पेटंट घ्यावं का?

आधी गप्प राहायला शिका. व्हॉट्सॲप स्टेटसवर व्हिडिओ टाकला, प्रदर्शनात स्टॉल लावला, पेपरात फोटो आला आणि नंतर अर्ज केला, तर "हे आधीच जाहीर झालेलं आहे" या कारणावर पेटंट अडू शकतं. अर्ज आधी, कौतुक नंतर.

वस्तूचं काम करण्याचं तंत्र नवं असेल तर पेटंट. तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते आणि मग पूर्ण अर्ज करायला बारा महिने मिळतात. तेवढ्यात नमुने करून घ्या. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एकट्या माणसाला १,६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीची वेगळी ४,००० रुपये, वकिलाचे त्याहून वेगळे. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं आणि फक्त भारतात. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. तंत्र जुनंच पण रूप नवं असेल तर डिझाइन नोंदणी. ती स्वस्त आहे, दहा वर्षं मिळते आणि पुढे पाच वाढवता येते. माझं मत विचाराल तर पारडीच्या ताईंच्या जाळीसारख्या वस्तूला डिझाइन नोंदणी आणि चांगलं नाव पुरे. पेटंटच्या मागे दोन वर्षं घालवून बाजार गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

नागपूरकर विसरतात ते एक: राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्याच शहरात आहे. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी ही केंद्र सरकारची संस्था. आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटं फुकट शोधता येतात. दोन संध्याकाळी बसून शोधा. आपल्यासारखं कोणीतरी आधी केलेलं सापडलं की वाईट वाटतं, पण त्याने काय चुकवलं तेही तिथेच सापडतं.

विदर्भात या विषयावर बोलताना दादाजी खोब्रागडे आठवतातच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या या शेतकऱ्याने निवड करत करत एचएमटी तांदूळ तयार केला, तेव्हा मनगटावर मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. तांदूळ गावोगाव गेला, नाव झालं, पुरस्कार आले. २०१८ मध्ये दादाजी गेले ते हलाखीतच. पिकांच्या वाणांचा कायदा वेगळा, २००१ चा, आणि तोही त्यांच्या वाणानंतर आला. वस्तू बनवणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो की तारीख घातलेली वही ठेवा, प्रत्येक नमुन्याचा फोटो ठेवा.

तुम्हीच आमची कल्पना वापरली तर?

पहिल्या दिवशी एका पानाचा मराठी करार करतो. वस्तू तुमची, ड्रॉइंग तुमचं. करार न वाचता सही करणाऱ्याला आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो.

पैसे कुठून आणायचे?

पहिल्या दोन नमुन्यांना खिशातले पुरतात. मटेरियल तुम्ही आणता, मशीनचे आम्ही तासाने घेतो.

त्यापुढे योजना बघा, पण कोणती कशासाठी हे ओळखून. नव्या तंत्राचा नमुना बनवायला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना आहे, दहा लाखांपर्यंत, मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत. पारंपरिक कारागिरांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा: सुतार, लोहार, कुंभार, बुरूड, खेळणी करणारे असे १८ व्यवसाय, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. नमुना पक्का होऊन युनिट टाकायचं असेल तेव्हा पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, त्यात उत्पादनासाठी पन्नास लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. पीएमईजीपी हे बँकेचं कर्ज आहे, सोबत अनुदान आहे. "सरकार पैसे देते" असं ऐकून येणाऱ्यांना हे दोनदा सांगावं लागतं. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर उठून या.

परवाने, मानकं यांचं काय?

विजेवर चालणारी वस्तू असेल तर इथे मी कुणाचंही ऐकत नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर, पत्र्याच्या बॉडीला. आमच्या वर्कशॉपमध्ये अर्थिंग नसलेला आणि तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) न तपासलेला नमुना दाराबाहेर जात नाही. डेझर्ट कूलरसाठी आयएस ३३१५ हे भारतीय मानक आहे. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, पोर्टलवर नोंदणी करून मानकं मोफत उतरवता येतात. इंग्रजी अवघड वाटलं तर घेऊन या, बसून वाचू.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट मिळते, म्हणून नंदीवाल्या दादांना आधी ती नोंदणी करायला लावली. पाकिटावर निर्मात्याचं नाव-पत्ता, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन हवाच.

किंमत कशी लावायची?

स्वतःची मजुरी धरून. बायका हमखास धरत नाहीत. ताईंनी जाळीची किंमत काढली तेव्हा कापड, पाइप, बिजागरी सगळं होतं. शिवणकामाचे चार तास नव्हते. दुकानदाराचा वाटा आणि परत आलेला माल धरून पुन्हा मांडलं तर आकडा जवळपास दुप्पट झाला. त्या घाबरल्या. पण पहिल्या पाच जाळ्या त्याच भावाने शेजारणींनीच नेल्या.

कॉलेजचा फायनल इयर प्रोजेक्ट करून मिळेल का?

नाही. शिकायला या, हातोडी देतो.

जमलं नाही तर पैसे परत?

मटेरियलचे नाहीत. मशीनची चूक आमची असेल तर ते तास माफ. आणि फसलेला नमुना घरी नेऊ नका, आमच्या फळीवर ठेवा अशी विनंती. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे: तारीख, जागा, काय झालं. काकांची पहिली डबी तिथेच आहे, "एप्रिल, गच्ची, चौथा दिवस". नवा माणूस आला की मशीन पाहायच्या आधी तीच उचलतो आणि विचारतो, "हे काहून वाकलं भाऊ?"